निळी पाटी, तांबडी पाटी

मूर्खपणा सगळेच करतात. मी माझा सुताराकडून घडवून घेतला आणि वर त्याला वॉर्निश लावलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण वर्षअखेरीला, स्नेहसंमेलनाच्या मंचावरून, माइक हातात धरून मी एका विद्यार्थ्याला बक्षीस दिलं. कशाबद्दल? तर तास चालू असताना पाच-सहा महिन्यांत एकदाही लघवीला न गेल्याबद्दल. हसू नका. म्हणजे हसा खुशाल, मीसुद्धा हसायचे.

नाशिकच्या एका मराठी शाळेत मी तीसेक वर्षं भूगोल शिकवला आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं पर्यवेक्षिका म्हणून काढली. पर्यवेक्षिका म्हणजे बाहेरच्यांना मोठं पद वाटतं. मलाही वाटायचं. प्रत्यक्षात काम तीन प्रकारचं. रजेवरच्या शिक्षकाच्या तासाला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं आणि त्याचं वाकडं तोंड बघायचं. उशिरा येणाऱ्यांना फाटकात अडवायचं. आणि तिसरं, जे नेमणुकीच्या पत्रात कुणी लिहीत नाही, ते म्हणजे हजार-बाराशे मुलांच्या लघवीचा बंदोबस्त. शाळा अभ्यासावर चालते हा गैरसमज आहे. एका मुलाने हात वर केला, ‘बाई, जाऊ?’ की त्याच्या पाठोपाठ आणखी चौघांना लागते. हे पाच जण वाटेत नळावर एकमेकांना भिजवतात, शेजारच्या वर्गाच्या खिडकीतून कुणाला तरी वेडावतात, आणि तास संपता संपता परत येतात. हे थांबवायचं काम माझं. त्यासाठी मी गळ्यात शिट्टी अडकवून फिरत असे. मुलं पाठीमागे मला ‘ट्रॅफिक’ म्हणत. कळलं तेव्हा मला आनंद झाला होता, यावरून काय ते समजा.

आमच्या शाळेतली सोय अशी. मैदानाच्या टोकाला मुलांची मुतारी. एक लांब भिंत, तिच्याखाली पन्हळ, दार नाही, आडोसा नाही. मागे दोन संडास होते, त्यांची दारं कधीच निघून गेली होती. दुसऱ्या टोकाला मुलींची बाजू, चार दारं, त्यातल्या एकालाच धड कडी. आणि मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी तिसरं स्वच्छतागृह. त्याला पांढऱ्या फरशा, आरसा, साबण, खुंटीवर स्वच्छ टॉवेल. आणि कुलूप. ते होतं वर्षातून एकदा तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी. साहेब यायचे, चहा प्यायचे, दप्तर चाळायचे, जीपमध्ये बसून निघून जायचे. माझ्या सगळ्या नोकरीत एकाही साहेबाने ते दार उघडायला लावलेलं मी पाहिलं नाही. तरी आमच्या लीलामावशी, म्हणजे शाळेच्या शिपाईणबाई, दर शनिवारी तो आरसा पुसत. किल्ली माझ्या पर्समध्ये असे, हिंगाच्या गोळ्यांच्या डबीशेजारी.

तर पाट्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका जूनमध्ये, मला ती योजना सुचली. एका विद्यार्थ्याचे वडील सुतार होते, त्यांच्याकडून मी प्रत्येक वर्गासाठी दोन-दोन पाट्या करून घेतल्या. हातभर दोरी, खाली लाकडाचा चौकोन. मुलांसाठी निळा रंग, मुलींसाठी तांबडा, वर वॉर्निश. फळ्याशेजारी दोन खिळ्यांवर त्या टांगायच्या. तासाला जायचं असेल त्याने उठायचं, सगळ्या वर्गासमोरून चालत यायचं, आपल्या रंगाची पाटी गळ्यात घालायची आणि जायचं. एका वेळी एकच. मॉनिटरने वहीत नोंद ठेवायची. पाटीचा रंग आणि मैदानाची बाजू जुळते का, हे येता-जाता कुणीही पाहावं. पहिल्याच आठवड्यात मैदान ओसाड पडलं. मुख्याध्यापक म्हणाले, “वा! शेजारच्या शाळेनेही नमुना मागितलाय.” त्या दिवशी मी घरी शिरा केला.

आता ज्याला बक्षीस दिलं, त्याच्याबद्दल. हजेरीपटावर नाव सोमनाथ, वर्ग आठवी. (नावं मी बदलली आहेत.) घर मखमलाबादच्या बाजूला, आई-वडील मेथी-कोथिंबीर आणि झेंडू पिकवून शहरात आणून विकत. घरी त्या लेकराला सुमी म्हणत. हे मला फार उशिरा कळलं, पण कळल्यापासून माझ्या डोक्यात तेच नाव आहे, म्हणून इथे सुमीच लिहिते. आता अशा मुलांसाठी शब्द आहेत. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये एकच शब्द होता, तो काही मी लिहिणार नाही. हजेरी घेताना मी ‘सोमनाथ’ म्हणायचे आणि ती ‘हजर’ म्हणायची, इतकं हळू की दोनदा नाव घ्यावं लागे. मला वाटे, लाजरा मुलगा आहे. महाराष्ट्राचा नकाशा ती न बघता काढायची, सिंधुदुर्गाच्या टोकापासून सुरुवात करून किनारा एका दमात वर. मी तीस वर्षं भूगोल शिकवला आणि माझा विदर्भ शेवटपर्यंत जरा फुगलेलाच यायचा.

सातवीपर्यंत सुमीचं कसं चाललं होतं, हे फक्त लीलामावशींना ठाऊक होतं. मुतारीच्या त्या उघड्या भिंतीपाशी मुलं तिला धक्के देत, चड्डी ओढत, ‘आधी सांग तू कोण’ म्हणत. सुट्टीत ती तिकडे फिरकत नसे. तास सुरू झाला, मैदान रिकामं झालं, की मावशी मुलींच्या बाजूला फिनेलची बादली घेऊन उभ्या राहत आणि तिला कडीच्या दारात पाठवत. पाच मिनिटं फरशी पुसल्याचं सोंग. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मुलींपैकी दोघी-तिघींना माहीत होतं, त्यांनीही चकार शब्द काढला नव्हता.

मग माझ्या पाट्या आल्या. निळी पाटी गळ्यात घालून मुलींच्या बाजूला जाणार कशी? तरी मावशी तिला सोडत राहिल्या. जुलैमध्ये एका शिक्षिकेने ते पाहिलं आणि माझ्याकडे तक्रार आणली. मी मावशींना बोलावलं.

“मावशी, मुलांना मुलींच्या बाजूला सोडता तुम्ही?”

“बाई, ते लेकरू तसलं नाय. लय गरीब हाय. त्याला तिकडं पोरं त्रास देत्यात.”

“मग त्या पोरांची नावं द्या. पण नियम म्हणजे नियम.”

“नावं देऊन काय हुईल बाई? नावं सगळ्यांचीच हायेत.”

मी त्यांच्याकडून लेखी घेतलं, पुन्हा असं होणार नाही म्हणून. मावशींना सहीपुरतं येत होतं. मजकूर मी लिहिला, त्यांनी खाली ‘लीला’ काढलं, ‘ली’ची वेलांटी घालताना पेन थांबलं होतं. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई होते, नवखी पोर नव्हते. ‘कसला त्रास?’ हा एक प्रश्न मला विचारता आला असता. मी विचारला नाही. मला पाटीच्या रंगाची काळजी होती.

जुलैपासून सुमीच्या नावापुढे मॉनिटरच्या वहीत एकही खूण नाही. डिसेंबरात बक्षिसांसाठी मी वह्या मागवल्या, चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या. सगळ्या शाळेत असं एकच नाव! मी मंचावरून म्हणाले, “हा बघा संयम! याच्याकडून शिका.” मुलं इतकी हसली की मांडव हलला. मला वाटलं, कौतुकाने हसतायत. बक्षीस कंपासपेटी होती. झाकणाच्या आत मी माझ्या हाताने चिठ्ठी चिकटवली होती, ‘उत्तम शिस्तीबद्दल’. सुमीने ती दोन्ही हातांनी घेतली आणि मला वाकून नमस्कार केला.

फेब्रुवारी संपता संपता, माझ्याच तासाला, मी तिला फळ्यावर नद्या काढायला बोलावलं. गोदावरी नाशकातून निघून नांदेडपर्यंत गेली असेल, तेवढ्यात खडू खाली पडला आणि पाठोपाठ ती. अंग तव्यासारखं तापलेलं. ओठांवर पापुद्रे. मावशींनीच उचलून रिक्षात घातलं.

त्या संध्याकाळी दवाखान्यातून परतलेल्या मावशी माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. एरवी त्या दारात उभ्या राहत.

“डॉक्टरीणबाई म्हंत्या, लघवी तुंबवून तुंबवून आत पिकलंय. मूत्रपिंडापोतर गेलंय.”

“पण पाणी तर पितो ना तो? बाटली असते रोज.”

“बाटली असतीया. सकाळी भरलेली, सांजंला भरलेली. सुटताना फाटकाजवळच्या जास्वंदीला ओततं. रिकामी बाटली घरी न्यायला पायजे ना, आईनं इचारू नये म्हणून. शेतकऱ्याचं लेकरू हाय, मोरीत नाय ओतवत त्याला.”

ती जास्वंद त्या वर्षी कशी फुलली होती! मी शाळेच्या माळ्याची पाठ थोपटली होती.

सुमी बरी होऊन मार्चमध्ये परत आली. मी मनातून हादरले होते, पण हादरलेल्या माणसाला शहाणपण येतंच असं नाही. मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, “सर, साहेबांच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढून टाकू या का? ज्याला अडचण असेल त्याला वापरता येईल.”

ते म्हणाले, “बाई, आज एकाला दिलं की उद्या सगळे मागतील. आणि नेमके साहेब आले म्हणजे?”

मी म्हणाले, “बरं सर.” वाद घालायची सगळी हौस मी मुलांवर आणि मावशींवर खर्च करत असे. वरच्यांपुढे ‘बरं सर’.

मग मी मधला मार्ग काढला. मधले मार्ग काढण्यात मी पटाईत. सुमीला बोलावून म्हटलं, “हे बघ, किल्ली माझ्याकडे असते. लागली की स्टाफरूममध्ये यायचं, मागायची. लाजायचं नाही.” माझं औदार्य मलाच आवडलं. आठवीतलं लेकरू, दहा-बारा शिक्षकांसमोर उंबऱ्यात उभं राहून, ‘बाई, किल्ली’ म्हणणार, आणि मी पर्समधून हिंगाची डबी बाजूला सारून ती काढून देणार. म्हणजे पाटी गेली नव्हतीच. नुसतीच फळ्याजवळून स्टाफरूममध्ये आली होती.

ती दोनदा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा पी.टी.चे सर डबा खात होते. दारात तिला पाहून ते उठून उभे राहिले, सलाम ठोकला आणि म्हणाले, “या, या साहेब! तपासणी कधी करताय?”

सगळी स्टाफरूम हसली. कुणाला ठसका लागला.

आणि मीही हसले. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही. सरांचा विनोद होताच तसा चटपटीत, आणि मला विनोद कळतो याचा मला नेहमीच गर्व. माझ्या हातात किल्ली होती आणि तोंडावर हसू. तिने आधी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

“नको बाई,” म्हणाली, आणि गेली.

आठवड्याभरात सगळी शाळा तिला ‘साहेब’ म्हणायला लागली. वार्षिक परीक्षेचे पेपर तिने दिले, पण रोज पेपर लवकर टाकून घरी पळायची. नकाशाचा प्रश्न अर्धाच सोडवलेला होता. कोकण किनारा रत्नागिरीपाशीच थांबला होता.

जूनमध्ये तिची आई शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली. डोक्यावरून पदर, हातात पिशवी. दाखल्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचं कारण. मी पेन उघडून विचारलं, “काय कारण लिहू?”

“तुमाला म्हाईत हाय की बाई.”

“दुसऱ्या शाळेत घालणार का?”

“दुसऱ्या शाळंत काय निराळ्या भिंती आसत्यात? घरीच बसंल. बहिणीसंग जुड्या बांधंल.” मग त्या म्हणाल्या, “आमी घरी सुमीच म्हंतो तिला. तिच्या बापालाबी आता तसंच बोलायची सवय झालीया. पयले लय मारायचा. घरी समदं निभतंय बाई. हितंच नाय निभलं.”

मी लिहिलं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’. निघताना त्यांनी पिशवीतून मेथीची जुडी काढून टेबलावर ठेवली. “ताजी हाय,” म्हणाल्या. रागावल्या असत्या, दोन शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी ती मेथी घरी आणली, निवडली, भाजी केली. मुलं म्हणाली, आज भाजी छान झालीय.

पाट्या मी बंद केल्या असतील असं तुम्हाला वाटत असेल. नाही केल्या. पुढे चार वर्षं त्या लटकत होत्या. दोऱ्या कुजल्या म्हणून त्या बंद पडल्या, मला अक्कल आली म्हणून नाही. उरलेली लाकडं लीलामावशींनी त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी चुलीत घालायला नेली. म्हणाल्या, “वारनीस हाय, झकास पेटत्यात.”

आता माझी नात शाळेतून येते ती बूटही न काढता थेट आत पळते. तिच्या शाळेची फी ऐकून माझे डोळे पांढरे होतात, पण तिकडेही मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. “अगं, बाटली भरलेलीच आहे,” सून ओरडते. मी बाटली उचलते आणि गॅलरीतल्या कुंडीत ओतते.

सुमीने शाळा सोडल्यावर सहा वर्षांनी, म्हणजे दोन हजार साल उलटून गेल्यावर, दहावीच्या बोर्डाचं केंद्र आमच्या शाळेत होतं आणि मी केंद्रसंचालक. बाहेरून परीक्षा देणारे, सतरा नंबरचा फॉर्म भरलेले विद्यार्थीही आमच्याकडे आले होते. भूमितीचा पेपर. पहिली घंटा व्हायला थोडा अवकाश असताना त्याच दिवशी पर्यवेक्षणाला नेमलेले एक तरुण शिक्षक धावत माझ्याकडे आले.

“मॅडम, जरा चला. डमी उमेदवाराची भानगड दिसतेय. हॉलतिकिटावर नाव मुलाचं आहे, आणि आलीय कुणी भलतीच.”

व्हरांड्यात भिंतीला टेकून ती उभी होती. साधा सलवार-कमीज, केस मागे चापात बांधलेले, अंगाने उंच झालेली. शेतात काम केलेले हात. मी चेहऱ्यावरून ओळखलं असं म्हणायला आवडलं असतं, पण खरं सांगते, मी हातातली कंपासपेटी ओळखली. कोपऱ्यातला रंग उडाला होता. मी झाकण उघडायला लावलं. आत माझ्या अक्षरातली चिठ्ठी, पिवळी पडलेली.

ते शिक्षक वाट बघत होते. मी म्हटलं, “डमी नाही. ही माझी विद्यार्थिनी आहे. आत बसू द्या.”

तीस वर्षांत मी हजारो वाक्यं बोलले असेन. निवृत्तीच्या समारंभात बोलायचे मुद्दे काढताना लक्षात आलं, पुन्हा बोलावंसं वाटेल असं त्यात हे एकच. आणि तेही सहा वर्षं उशिरा.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी घोळ नको. ती पास झाली. भूगोलात तिला किती मार्क पडले हे मी बोर्डाच्या यादीत चोरून पाहिलं, सांगणार मात्र नाही, माझ्या मुलापेक्षा जास्त होते. आणि त्या पेपरच्या आठवड्यातच मी साहेबांच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढून खिडकीबाहेर गवतात टाकलं. कुणीही काही विचारलं नाही. नवे मुख्याध्यापक तर म्हणाले, “तिथे कुलूप होतं का?” इतकं सोपं होतं ते. काढायला किल्ली लागणार होती, आणि ती पहिल्या दिवसापासून माझ्याच पर्समध्ये होती.

पण त्या दिवशी, व्हरांड्यात, कुलूप अजून होतं. शिक्षक आत गेले, आम्ही दोघीच उरलो. मी पर्स उघडली, डबी बाजूला सारली आणि किल्ली तिच्यापुढे धरली. म्हटलं, “सुमी, ही तुझ्याजवळच ठेव. कुणाला विचारायचं नाही, मागायचं नाही. पेपरच्या मध्ये केव्हाही जा.”

तिने किल्लीला हात लावला नाही. हसली, अगदी मनापासून. आवाजात कुठे टोमणा नव्हता, तो मी आजही शोधते. म्हणाली,

“राहू द्या, बाई. हॉलतिकिटावर सेंटर म्हणून आपल्या शाळेचं नाव वाचलं, तेव्हाच ठरवलं होतं, पेपर असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचं नाही. जमतं मला. तुम्हीच नाही का बक्षीस दिलं होतं?”